उलट क्रमाने जोडा

गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत खोलण्यावर पानंच्या पानं असतात. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, कुठे ठोकायचं नाही, सगळं चित्रांसकट. जोडायची वेळ आली की पुस्तकाला घाई होते. एक ओळ येते: खोलताना जे केलं तेच उलट क्रमाने करा. आमच्या जीपला ही ओळ लागू पडेना. जे खोललं ते कंपनीने जोडलेलं नव्हतंच. अर्ध्याहून जास्त गाडी बाबांनी जोडलेली होती, आणि बाबांनी कुठल्या पुस्तकाला विचारलं नव्हतं.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९८९ची. नव्वदच्या दशकात एका सरकारी खात्याच्या लिलावात बाबांनी घेतली. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, वडकीपासून आत. नागपूर-हैदराबाद हमरस्ता सोडला की काळी माती सुरू. उन्हाळ्यात ही माती इतकी फाटते की भेगेत हात घालता येतो, आणि मृग बरसला की तीच पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, मडगार्डच्या आत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. पावसाळ्यात पांदणीने वावरात जायचं तर बैलगाडी नाहीतर पाय, असे ते दिवस होते. तेव्हा चारही चाकं ओढणारी गाडी चैन नव्हती. आज आहे. घरोघरी ट्रॅक्टर झालेत, काही पांदणींवर मुरूम पडलाय. जुन्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फीसुद्धा २०२२ साली ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. हिशेब मांडला तर ही दुरुस्ती कुठेच बसत नाही, म्हणून घरात कोणी हिशेब मांडला नाही.

निमित्त झालं चेसीच्या, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीच्या, भेगेचं. मागचा डावा पाटा, म्हणजे धक्के झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, चेसीला जिथे टांगलेला असतो तिथे लोखंड उकललं होतं. तिथे नीट वेल्डिंग करायचं तर बॉडी उचलायला हवी. बॉडी उचलल्यावर खाली जे दिसलं, ते पाहून काहीच जागेवर ठेवण्यात अर्थ उरला नाही. इंजिन यवतमाळला सिलिंडरच्या बोअरिंगला गेलं. बाकी सगळं घरी, गोठ्यासमोरच्या निंबाखाली ताडपत्री अंथरून. दिवस उन्हाळ्याचे. पारा ४५च्या वर, सकाळी नऊनंतर पाना हातात धरवत नाही. म्हणून काम पहाटे आणि रात्री. रात्रीचं काम पुन्हा विजेच्या मर्जीवर, कारण थ्री फेज कधी दिवसा येणार, कधी मध्यरात्री, आणि व्होल्टेज पडलं की वेल्डिंगचा रॉड नुसता चिकटून बसतो.

कामाचे मुखत्यार चाचा. एस.टी.च्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मजुरी ठरलेली नाही, चहा ठरलेला आहे. आणि बाजेवर बाबा. गाडीखाली जायचं त्यांचं वय राहिलं नाही, पण वरून बोलायला वय आड येत नाही.

चाचांनी भेगेजवळची जुनी पट्टी तारेच्या ब्रशने घासली.

"हे कोनं लावलं?"

"म्या लावलं. वखराची पास हाय ते. लोखंड पाहा न कसं हाय! ढेकूळ फोडते."

तेच तर दुखणं होतं. पास, म्हणजे वखराचं पातं, मातीत घासून झिजू नये म्हणून कडक पोलादाची करतात. कडक पोलादात कार्बन जास्त असतो. असं पोलाद साध्या रॉडने वेल्ड केलं की सांध्याच्या शेजारचा भाग झटकन थंड होताना ठिसूळ होतो. सांधा धरून राहतो, तडा त्याच्या बाजूने जातो. बाबांची पट्टी अजून शाबूत होती. चेसीच तिच्या कडेकडेने नव्याने उकलत गेली होती. दुसरं असं की पट्टीची कड चेसीला बरोबर आडवी होती. चेसी दर खड्ड्याला थोडी वाकते, तिने तसं वाकावं अशीच ती केलेली असते. मध्येच एक ताठ जागा आली की सगळं वाकणं तिच्या कडेला येऊन साचतं. चाचांनी आधी भेगेच्या टोकाला ड्रिलने भोक पाडलं, म्हणजे भेग पुढे सरकायची थांबते. मग ती भरली, आणि वर चेसीच्याच जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलची पट्टी बसवली, दोन्ही टोकांना निमुळती कापून. वेल्डिंगची रेघ तिरकी गेली की ताण पसरतो. हे सगळं त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतले वर्सं टिकलं न मंग?"

टिकलं होतं, हे खरंच. पण निकाल सोपा होता, पास गेली. पुढचे निकाल इतके सोपे नव्हते.

पुण्याहून भाच्याचे फोन यायचे. "मामा, सगळं ओरिजिनल कर हं." त्याच्या मनात कंपनीच्या दारातून निघालेली एक गाडी आहे, आणि आपण बाबांचे थर खरवडून तिच्यापर्यंत पोचायचं आहे. आता या गाडीचं मूळ बघू. जीपचा सांगाडा अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलीज कंपनीने सैन्यासाठी काढलेला, पेट्रोल इंजिनाचा. आपल्याकडे ती जोडायला घेतली ती महिंद्राने. ती कंपनी १९४५ साली लुधियानात सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. आमच्या ५४०च्या बॉनेटखाली त्या अमेरिकन घराण्याचं काहीच नाही, तिथे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचं डिझेल इंजिन, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०. एकूण २,११२ सीसी. म्हणजे कंपनीने स्वतःच इथलं-तिथलं जमवून गाडी उभी केली होती. त्यात यवतमाळ जिल्ह्यातला एक हात लागला, तर तोच तेवढा भेसळ कसा?

मग मी प्रत्येक जुगाडाबद्दल बाबांना एकच विचारायचं ठरवलं: का केलं होतं? कारण अजून उभं असेल तर जुगाड राहील, संपलं असेल तर जाईल.

ब्रीदर राहिला. दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी असते, आतली हवा गरम होऊन फुगली की बाहेर जायला. आमच्या वाटेत नाला आहे. हमरस्त्यावरून तापून आलेला एक्सल एकदम गार पाण्यात बुडतो, आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल पांढरं पडतं, बेअरिंगी गंजतात. बाबांनी टोपी काढून तिथे एक नळी जोडली होती आणि तिचं टोक बॉनेटच्या आत, इंजिनाच्याही वर नेऊन बांधलं होतं. "कंपनीले काय मालूम आपल्या नाल्याले पानी किती असते ते?" चाचांनी पहिल्यांदाच मान डोलावली. नळी कडक पडून चिरली होती. तिच्या जागी नवा डिझेल पाइप घातला, वाट तीच ठेवली.

पुढच्या प्रोपेलर शाफ्टचं प्रकरण चिघळलं. हा शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या एक्सलला पोचवणारा दांडा, गाडीत नव्हताच. बाबांनी तो कितीतरी वर्षांपूर्वी काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकला होता. कारण विचारलं तर "डिझल वाचते." जीपवाल्यांत ही समजूत जुनी आहे. पण आमच्या हबला चाकं एक्सलपासून सुटी करायची सोय नाही. गाडी चालली की पुढची चाकं आतल्या दांड्यांना, क्राऊन आणि पिनियन या दातेरी चक्रांना फिरवतातच. शाफ्ट काढून फक्त शाफ्टचं फिरणं वाचतं. अशाने कितीसं डिझेल वाचणार? खरं कारण चहाच्या वेळी निघालं. एकदा कोणीतरी गाडी मागून नेली आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्येच हाकली. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणजे त्याच वेळात जास्त अंतर जातात. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये फरक सोडणारं काही नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नाही, तो पीळ शाफ्टमध्ये, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत चढत जातो. फोर-व्हीलची दांडी अडकून बसते, निघता निघत नाही, आणि शेवटी सर्वांत कच्चं जे असेल ते तुटतं. आमच्याकडे क्रॉस तुटला होता. तेव्हापासून बाबांनी शाफ्टच काढून टाकला. न राहे बांस, न बजे बासुरी, असं चाचा म्हणाले.

म्हणजे कारण गाडीचं नव्हतंच, मागून नेणाऱ्यांचं होतं. ते कारण अजून उभं आहे, गाडी मागायला आजही लोक येतात. तरी शाफ्ट लावायचा असं मी ठरवलं. चार चाकं ओढणार नसतील तर ही गाडी वाईट रीतीने बसवलेली कार आहे. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोराला माळ्यावर चढवून शाफ्ट खाली घेतला.

शाफ्ट लावायचा म्हणजे पुढचा एक्सल नीट हवा. त्याच्या दोन टोकांना लोखंडी गोळे असतात, त्यांच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं. वर-खाली किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांच्या, बेअरिंगी, आणि टोप्यांखाली कागदासारखे पातळ पत्रे, शिम. शिम जास्त झाले तर बेअरिंग ढिली, आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग अशी थरथरते की हात सोडावा वाटतो. कमी झाले तर चाक वळायला जड, बेअरिंग लवकर जाते. बरोबर किती, हे बोटाला कळत नाही. टोकाला दोरी बांधून स्प्रिंगच्या काट्याने ओढायचं आणि गोळा हलायला किती वजनाची ओढ लागते ते बघायचं. काटा घरात होताच, कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर असते, संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर प्रत्येकीचं गाठोडं त्या काट्याला लागतं. आमच्या काट्यावर वेचणीच्या बायांचा काडीचा विश्वास नाही, दर हंगामात एक भांडण ठरलेलं. चाचांनी त्याला आधी पाच किलोचं माप अडकवलं, मग वजनाचं दुसरं माप, आणि म्हणाले, "बराबर हाय. बायांना सांगतो मी." शिम काढत-घालत अर्धी रात्र गेली. दोन्ही बाजूंची ओढ सारखी आली तेव्हा ते उठले.

मागच्या क्राऊन-पिनियनला तर आईच्या देवघरातला शेंदूर लागला. बेअरिंगी नव्या टाकल्या की दातांची बैठक बदलते. दातांना रंग लावायचा, थोडा अडवून क्राऊन फिरवायचा आणि घासून उमटलेला डाग कुठे पडला ते वाचायचं. दाताच्या टोकाशी डाग आला तर पिनियन दूर आहे, बुडाशी आला तर फार जवळ. या कामाला जुने मेकॅनिक शेंदूर आणि तेल वापरत. आता निळी पेस्ट ट्यूबमध्ये मिळते, चाचांना ती पसंत नाही. आई म्हणाली, "मारुतीले लावाचा शेंदूर हाय तो, उरला तं देवजा." उरला नाही. डाग एकदा बुडाशी, एकदा टोकाशी, असं होत होत दाताच्या मधोमध बसला. मला दाखवायला चाचांनी बॅटरी धरली. सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. एवढा जाडजूड पोलादाचा दात, आणि त्याचं सगळं भवितव्य त्या पुसटशा घासलेल्या ठिपक्यात.

वायरिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते बाबांचं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. ज्याने ज्या रात्री जी वायर सापडली ती पिळून बांधली होती, त्यात पंपाच्या स्टार्टरची वायरसुद्धा निघाली. सगळं उपटून नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टाकला. बाबांनीही हरकत घेतली नाही.

खरं भांडण पाट्यांवरून झालं. मागे दोन्ही बाजूंना बाबांनी जादा पाटे घालून घेतले होते. त्यामुळे गाडी मागून उचललेली, रिकामी असली की आडदांड उसळणारी. मागचा भाग वर गेला की प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो, क्रॉस वाकडे राबतात आणि वेळेआधी जातात. आमच्याकडे ते सारखे जायचे. कारण विचारलं आणि बाबा एकाधिकार खरेदीच्या काळात गेले. १९७२ पासून राज्यात कापूस सरकारलाच विकायचा नियम होता, केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, दोन-दोन दिवस मुक्काम पडायचा. ही गाडी आली तेव्हाही ते चालू होतं. कापूस रांगेतल्या बैलगाडीत, आणि जीपमध्ये उरलेला कापूस, ताडपत्री, बैलांचा कडबा, माणसांचं जेवण, कधी आजारी शेजारी. तेवढं वजन पेलायला पाटे हवेच होते.

"पण आता कापूस जीपमधून कुठे जातो?" मी म्हटलं.

"शेनखत जाते न."

"ते ट्रॅक्टरनं जाते, बाबा."

"ट्रॅक्टर बंद पडला तं?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. गाडी बाबांच्या हिशेबात अजून त्या रांगेतच उभी आहे. कारण संपलेलं आहे असं मी म्हणत होतो, कारण पुन्हा येऊ शकतं असं ते म्हणत होते. आणि शेती करणाऱ्या माणसाला ते चुकीचंही म्हणवत नाही. चाचांनी मध्ये पडायला नकार दिला. शेवटी माझ्या कमरेने कौल दिला: वडकीपर्यंत त्या पाट्यांवर बसून गेलेला माणूस ते परत घालणार नाही. पाटे काढले, नवे बुश घातले, यू-बोल्ट कसले.

बॉडी चढवायला पोरं बोलावली. काच, सीट, बॉनेट काढलेली जीपची बॉडी म्हणजे उघडी पत्र्याची पेटी, आठ-दहा जण उचलतात. खाली चेसीवर रबराचे गुटके लागतात. बाबांनी पूर्वी वणीकडच्या कोळसा खाणीतून भंगारात आलेला कन्व्हेयरचा पट्टा कापून टाकला होता. बाजारात मिळणारे गुटके मऊ, वर्षात चेपतात. पट्ट्यात आतून कापडाचे थर असतात, तो चेपत नाही. चाचांनी जुने गुटके उलटून पाहिले आणि त्याच पट्ट्याचे नवे कापायला सांगितले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पोरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "पट्टा माझावाला हाय."

बॉडी बसवताना एकही बोल्ट आधी कसायचा नाही. सगळे चार-चार आटे धरून सोडायचे, सब्बल लावून भोकं जुळवायची, मग कोपऱ्याकोपऱ्याने कसत यायचं. एका पोराला घाई झाली, त्याने पुढचा कसून टाकला आणि मागचं भोक अर्धा बोट सरकलं. चाचांनी त्याला शिव्या दिल्या त्या हिंदीत, म्हणजे फार राग नव्हता.

इंजिन यवतमाळहून आलं, बसलं. डिझेलच्या लाइनमधली हवा काढायची: फिल्टरचा नट सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की कसायचं, मग नोझलच्या पाइपांना तेच. हीटर प्लग तापू दिले. पहिल्या सेल्फला नुसता पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग दोन, मग चारही. गोठ्यातली ढोरं उठून उभी राहिली. निंबावरचे पक्षी कुठल्या कुठे.

जुलैत पांदण पूर्ण भिजली तेव्हा खरी परीक्षा झाली. चाक रुतायला लागलं त्या जागी थांबून छोटी दांडी लो मध्ये टाकली. लो मध्ये चाकाला साधारण अडीच पट जोर मिळतो, गाडी माणसाच्या चालीने जाते. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, दाबला की चाक नुसतं खणतं. मडगार्ड भरले, तरी ती पुढे सरकत राहिली. नाल्याच्या पलीकडे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट फसला होता. बाबा शेजारच्या सीटवर होते. ते काही बोलले नाहीत, फक्त ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

काढलेले पाटे मी भंगारात देणार होतो. बाबांनी ते लोहाराकडे नेले, त्यांच्या वखराच्या पासा करून आणल्या. वखरं दोन आहेत, पासा तीन आल्या. तिसरी कायले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. गाडीले कामी पडते."